ठळक, जाड-बारीक तिरपी रोमन अक्षरे: मथळ्यासाठी कुठे आणि कशी वापरावीत?

मृण्मयी_स

नमस्कार. एका संगीत महोत्सवाच्या भित्तिपत्रकाचे काम सध्या माझ्याकडे आहे. मजकूर इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत आहे. महोत्सवाचे इंग्रजी नाव दोनच शब्दांचे असून ते मला अतिशय ठळक, तिरप्या सेरिफ (रेषांच्या टोकांना छोटे फाटे असलेल्या) अक्षरांत घ्यायचे आहे. म्हणजे ज्यांच्या उभ्या रेषा भरपूर रुंद, त्यांना जोडणाऱ्या रेषा केसाइतक्या बारीक आणि टोकांना गोल बोंडे असतात, अशा अक्षरांत. माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे की ही अक्षरे फॅशनच्या मासिकांना शोभतात आणि दहा पावलांवरून वाचता येत नाहीत. मला मात्र त्यांच्या वळणात एक लय दिसते आणि गाण्याच्या कार्यक्रमाला ती साजेल असे मनापासून वाटते.

माझे प्रश्न असे आहेत. या जातीतला कोणता फाँट घ्यावा? तो किती मोठा असावा? आणि त्याच्या खाली मराठी ओळ कोणत्या वळणात ठेवावी? जाणकारांनी आपले अनुभव सांगावेत.

केदार_मांडणीकार

प्लेफेअर डिस्प्ले या फाँटचे ब्लॅक इटॅलिक (अतिठळक तिरपी शैली) घ्या. विनामूल्य आहे, सहज मिळते आणि मोठ्या आकारात देखणे दिसते.

अक्षरयात्री

मृण्मयीताई, निवड करण्यापूर्वी ही अक्षरे कशासाठी जन्माला आली ते पाहिले, तर सहकाऱ्यांच्या आक्षेपाचे उत्तर आपोआप मिळेल. त्यांचा फॅशनशी संबंध फार उशिरा आला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत लंडनमधील खिळ्यांच्या (छपाईच्या धातूच्या अक्षरठशांच्या) ओतशाळांनी भित्तिपत्रकांसाठी जे अतिजाड खिळे काढले, त्यांना फॅट फेस म्हणतात. त्यांचे श्रेय साधारणपणे रॉबर्ट थॉर्न यांना दिले जाते. थॉर्न यांच्या मृत्यूनंतर १८२० मध्ये त्यांची ओतशाळा विल्यम थॉरोगुड यांनी विकत घेतली आणि हे खिळे पुढे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. व्हिन्सेंट फिगिन्स यांच्यासारख्या प्रतिस्पर्ध्यांनीही आपापली वळणे काढली.

ब्रिटनमध्ये सरकारी लॉटरी १८२६ पर्यंत चालू होती आणि तिच्या तिकिटांचे ठेकेदार जाहिरातीवर सढळ हाताने खर्च करत. टॉमस बिश हे त्यांतले सर्वांत गाजलेले नाव. अशा पत्रकांवर बक्षिसाची रक्कम आणि सोडतीचा दिवस रस्त्यावरून जाणाऱ्याच्या नजरेत भरला पाहिजे, या एका गरजेतून ही अक्षरे फुगत गेली. तोपर्यंत मथळ्याचे खिळे म्हणजे पुस्तकातल्याच खिळ्यांचे मोठे आकार असत. केवळ लक्ष वेधण्यासाठी वेगळे रेखाटलेले अक्षर ही कल्पनाच तेव्हा नवी होती. त्यामुळे भित्तिपत्रक हे या अक्षरांचे मूळ घर आहे आणि आपण त्यांना तिथेच नेत आहात.

विनायक_द

अक्षरयात्री यांनी इतिहास नेमका सांगितला आहे, परंतु त्याच इतिहासाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. त्या काळच्या सगळ्याच मुद्रकांना हा प्रकार रुचला नव्हता. टी. सी. हॅन्सर्ड यांनी १८२५ मधील आपल्या मुद्रणविषयक ग्रंथात या जाड्या खिळ्यांवर कडक टीका केली आहे, आणि माझ्या मते ती आजही निराधार ठरत नाही.

अक्षर ओळखू येते ते त्याच्या जोडण्यांवरून. तिरप्या रोमन अक्षरांतील लहान 'एन' आणि 'यू' घ्या. दोन्हींत दोन जाड तिरप्या रेषा असतात; एकात त्यांना जोडणारी बारीक रेषा वरच्या बाजूला असते आणि दुसऱ्यात खालच्या बाजूला. अंतर वाढले किंवा प्रकाश कमी झाला की ती बारीक रेषा प्रथम नाहीशी होते आणि उरतात त्या दोन सारख्या पट्ट्या. 'एम', 'आय', 'एन', 'यू' एकापुढे एक आले की वाचकापुढे नुसते कुंपण उभे राहते. सहकाऱ्यांचा आक्षेप फॅशनपुरता असता तर तो सोडून देता आला असता. वाचनीयतेचा आक्षेप मात्र खरा आहे. महोत्सवाच्या नावात ही अक्षरे किती आहेत, ते आधी मोजावे.

रेषा_कुळकर्णी

विनायकराव, आपले निरीक्षण बरोबर आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा असावा असे मला वाटते. बारीक रेषा दुरून नाहीशी होते ती अक्षराच्या आकाराच्या मानाने, म्हणून मुख्य प्रश्न मापाचा आहे. हे समजण्यासाठी ही अक्षरे जाड कशी होतात ते पाहावे लागेल.

साध्या ठळक अक्षरात सगळ्याच रेषा थोड्याफार जाड केलेल्या असतात. फॅट फेसमध्ये तसे होत नाही. तिथे वाढ फक्त उभ्या रेषांची होते आणि आडव्या रेषा, सेरिफ व जोडण्या जवळजवळ आहेत तशाच राहतात. त्यामुळे वजन वाढते तसा जाड आणि बारीक यांतला फरकही वाढत जातो. या पद्धतीचे मूळ टोकदार लेखणीत आहे. ही लेखणी खाली ओढताना दाबली की तिची टोके फाकतात आणि रेषा जाड होते. वर नेताना दाब सोडला की रेषा बारीक पडते. ताम्रपटावर कोरून छापलेले कित्ते याच हाताचे होते. बर्मिंगहॅमचे मुद्रक जॉन बास्करव्हिल यांनी १७५७ मध्ये लॅटिन कवी व्हर्जिलचे काव्य छापताना गुळगुळीत कागद वापरून बारीक रेषा स्वच्छ उमटवून दाखवल्या. पॅरिसमध्ये फिर्मां दिदो आणि पार्मामध्ये जांबातिस्ता बोदोनी यांनी तो फरक आणखी ताणला. लंडनच्या ओतशाळांनी त्याच सांगाड्यावर वजन चढवले.

आणि म्हणूनच मला तिरपे रूप सरळ रूपापेक्षा अधिक खरे वाटते. टोकदार लेखणीचा हात मुळातच उजवीकडे कललेला असतो. सरळ फॅट फेसमध्ये जाड रेषा एकमेकींशेजारी ताठ उभ्या राहतात. तिरप्या रूपात बारीक रेषा एका अक्षरातून निघून दुसऱ्याकडे झेपावते आणि डोळा तिच्यामागून जातो. मृण्मयीताईंनी जिला लय म्हटले आहे, ती या झेपेत आहे.

जुना_छापखाना

माझ्या वडिलांचा खिळ्यांचा छापखाना होता आणि काही वर्षे मीही जुळणीच्या घोडीपुढे उभा राहिलो आहे, म्हणून शिशाच्या बाजूने थोडे लिहितो.

तिरप्या इंग्रजी खिळ्यात अक्षराचा काही भाग खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबत असतो. लहान 'एफ'चे वरचे आणि खालचे टोक हे त्याचे नेहमीचे उदाहरण. त्या भागाला खालून आधार नसतो. शेजारच्या खिळ्यावर तो नीट टेकला नाही, किंवा जुळाऱ्याने फर्मा (जुळवलेल्या खिळ्यांची चौकट) आवळताना जोर अधिक लावला, की तो मोडतो. ठळक तिरप्या खिळ्यांत हा धोका दुप्पट, कारण लोंबणाऱ्या टोकाला वजनदार बोंड असते आणि ते एका नाजूक रेषेने अंगाला जोडलेले असते. शिवाय दाब सहन करताना जाड भाग पुरेशी शाई मागतो आणि बारीक भाग तेवढ्या शाईने भरून जातो. एकाच ठशात दोघांचे समाधान करणे हे मशीनवाल्याच्या हाताचे कसब असे.

अमेरिकेत डॅरियस वेल्स यांनी १८२७ च्या सुमारास यंत्राने लाकडी टाइप कापायला सुरुवात केल्यावर मोठ्या आकारांचा प्रश्न पुष्कळसा सुटला. शिशाचा इतका मोठा खिळा जड होई, महाग पडे आणि ओतताना थंड होता होता त्याचा पृष्ठभाग खोलगट होण्याची भीती असे. आज संगणकावर ही कोणतीच अडचण नाही. म्हणून ज्या अक्षरांनी खिळ्यांच्या काळात कारागिरांची परीक्षा पाहिली, ती आता कुणीही एका क्षणात मांडतो याचा मला खरोखर आनंद वाटतो.

केदार_मांडणीकार

रेषाताईंचा प्रतिसाद वाचून माझ्या सूचनेत भर घालतो. प्लेफेअर डिस्प्लेचा सांगाडा बास्करव्हिलच्या काळाच्या जवळचा आहे, त्यामुळे त्याचे ब्लॅक इटॅलिक ठळक असले तरी काटेकोर अर्थाने फॅट फेस नव्हे. एब्रिल फॅटफेस हा त्या घराण्याचा आहे आणि विनामूल्यही आहे, परंतु त्याच्या विनामूल्य रूपाला तिरपी शैली नाही. ती सॉफ्टवेअरमधून तिरपी करून घेतली तर चालेल का?

रेषा_कुळकर्णी

केदार, कृपा करून तसे करू नका. अक्षर यांत्रिकपणे तिरपे केले की त्याचे वजन चुकीच्या जागी सरकते. इंग्रजी 'ओ' उजवीकडे कलवून पाहा. त्याचा वरचा उजवा आणि खालचा डावा भाग जाड होतो, वरचा डावा आणि खालचा उजवा भाग बारीक होतो; उभ्या रेषा किंचित रोडावतात आणि आडव्या तशाच राहतात. साध्या, एकसारख्या जाडीच्या अक्षरांत हा दोष खपून जातो. जिथे सारे सौंदर्य वजन नेमके कुठे आहे यावरच अवलंबून आहे, तिथे तो लगेच डोळ्यांत खुपतो.

दुसरे असे की खरे इटॅलिक म्हणजे कललेले रोमन (सरळ वळणाचे अक्षर) नव्हे, त्याच्या लहान अक्षरांची घडणच निराळी असते. 'ए' एकमजली होतो, सपाट सेरिफांच्या जागी आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या आकड्या येतात, 'व्ही' आणि 'डब्ल्यू' गोलाईने वळतात. कलवलेल्या एब्रिलमध्ये यातले काहीच येणार नाही. संकेतस्थळावर वापरतानाही हे लक्षात ठेवावे, कारण फाँटमध्ये तिरपी शैली नसली की ब्राउझर न विचारता अक्षर कलवून दाखवतो. सीएसएस या संकेतस्थळाच्या मांडणीच्या भाषेतील फाँट-सिंथेसिस या गुणधर्माने ते बंद करता येते.

अक्षरयात्री

थोडे विषयांतर होईल, पण रेषाताईंच्या शेवटच्या मुद्द्याला लागूनच आहे. इटॅलिक जन्माला आले तेव्हा त्याचा ठळकपणाशी काहीच संबंध नव्हता. व्हेनिसमध्ये मुद्रक-प्रकाशक आल्दुस मानुतिउस यांच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो यांनी ते कोरले आणि १५०१ च्या व्हर्जिलच्या छोटेखानी आवृत्तीत संपूर्ण मजकूर त्यात छापला गेला. ते हलके, एकमेकांना चिकटून चालणारे, शांतपणे वाचण्याचे अक्षर होते. मोठी (कॅपिटल) अक्षरे तर त्यात सरळच होती. तिथपासून लॉटरीच्या पत्रकापर्यंतचे अंतर तीनशे वर्षांचे आहे.

त्यानंतरही या वळणाला पुन्हा पुन्हा मागणी येत गेली. अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी मॉरिस फुलर बेंटन यांनी १९२८ मध्ये अल्ट्रा बोदोनी काढला, पुढच्याच वर्षी लायनोटाइपचा पोस्टर बोदोनी आला, आणि दोन्हींना तिरपी शैली होती. इंग्लंडमध्ये स्टीफन्सन ब्लेक यांनी १९५३ मध्ये थॉरोगुडचे खिळे पुन्हा बाजारात आणले. १९७० च्या दशकात फोटोटाइपसेटिंगमुळे (खिळ्यांऐवजी छायाचित्रणाने केलेल्या अक्षरजुळणीमुळे) अक्षरांना खिळ्याच्या अंगाची मर्यादाच उरली नाही. ती एकमेकांत घुसवता येऊ लागली आणि हर्ब लुबालिन व टॉम कार्नेझ या अमेरिकन अक्षररचनाकारांच्या पिढीने त्याचा पुरेपूर उपयोग केला. मृण्मयीताईंच्या सहकाऱ्यांना जो फॅशनचा भास होतो तो दिदोच्या सडपातळ घराण्यामुळे. हार्पर्स बझार या मासिकासाठी जोनाथन हॉफलर यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी केलेला दिदो हा फाँट त्याचा ठळक नमुना आहे. फॅट फेस हा त्याच घराण्याचा, पण बाजारात वाढलेला भाऊ आहे.

शर्वरी_लेस्टर

जुन्या लंडनच्या वळणाच्या अगदी जवळचे काही हवे असेल तर एलिफंट पाहावा. मॅथ्यू कार्टर यांनी तो १९९२ मध्ये फिगिन्स यांच्या खिळ्यांवरून रेखाटला आणि त्याची खरी तिरपी शैली उपलब्ध आहे. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या अनेक आवृत्त्यांबरोबर तो येत असे, त्यामुळे पुष्कळांच्या संगणकात तो आधीपासून असूनही त्याकडे कुणाचे लक्ष गेलेले नसते. लेस्टरच्या मराठी मंडळाच्या नाट्यप्रयोगाच्या पत्रकावर आम्ही इंग्रजी नाव त्यात घेतले होते. सभागृहाच्या दारावर, चालत येणाऱ्या लोकांना ते सहज वाचता येत होते.

श्रीरंग_बोरू

चर्चा उत्तम चालली आहे, पण तिसऱ्या प्रश्नाकडे अजून कुणी वळलेले नाही. मराठी ओळीचे काय?

रोमन फॅट फेसमधील जाड-बारीक हे लेखणीच्या दाबातून आलेले आहे, असे रेषाताईंनी वर सांगितले. देवनागरीतले जाड-बारीक दाबातून येत नाही, ते बोरूच्या कापातून येते. शिवाय देवनागरीचा बोरू रोमनच्या उलट दिशेने कापलेला असतो, म्हणून रोमनमध्ये जी तिरकी रेषा बारीक पडते ती देवनागरीत जाड पडते. या दोन लिप्या शेजारी ठेवून दोन्हींत सारखेच वजन आणले तरी वजनाची दिशा जुळत नाही. सारखेपणा ओढूनताणून आणायला गेले की बहुतेक वेळा मराठीचा बळी जातो, आणि ते मला सहन होत नाही.

इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन हा या बाबतीत अभ्यासण्यासारखा फाँट आहे. त्यात रोमन आणि देवनागरी दोन्ही आहेत, दोन्हींत जाड-बारीक टोकाचे आहे आणि तो मुळातच मथळ्यासाठी केलेला आहे. त्याला तिरपी शैली नाही, आणि नसावीच असे माझे मत आहे. देवनागरी शिरोरेषेला लटकते. शिरोरेषा आडवी ठेवून खालचा काना कलवला की अक्षर घसरल्यासारखे दिसते, वेलांटी आणि रफार आपल्या अक्षरापासून दूर जातात. मुंबईच्या डिग्री पद्धतीच्या खिळ्यांत तर वरच्या मात्रा, मधले अक्षर आणि खालचे उकार वेगवेगळ्या थरांत बसवावे लागत. तिथे कल आणणे म्हणजे प्रत्येक थर वेगळ्या अंतराने सरकवणे. तिरप्या अक्षरांची परंपरा आपल्याकडे रुजली नाही याची कारणे अशी लिपीच्या घडणीतच आहेत.

विनायक_द

श्रीरंगराव, येथे मी आपल्याशी सहमत नाही. संगणकाने कलवलेली देवनागरी वाईट दिसते हे मान्य. परंतु हाताने रेखाटलेली तिरपी देवनागरी महाराष्ट्रात कित्येक दुकानांच्या पाट्यांवर आणि ट्रकांच्या मागे दिमाखाने उभी आहे. रंगारी काना कलवतो तेव्हा वेलांटीचा उगम मागे घेतो, शिरोरेषेची टोके तिरपी कापतो, आणि मग काहीही घसरत नाही. वर रेषाताईंनी रोमनबद्दल जे सांगितले तेच येथेही लागू आहे. कल असणे हा दोष नाही, तो पुन्हा रेखाटल्याशिवाय आणणे हा दोष आहे. शिवाय टिरो देवनागरी मराठी या फाँटला तिरपी शैली दिलेली आहे. ती मजकुराच्या वजनाची आहे, मथळ्याची नाही, तरीही वाट बंद नाही एवढे त्यावरून दिसते.

श्रीरंग_बोरू

हाताने रेखाटलेल्या अक्षरांबाबतचे आपले म्हणणे मला मान्य आहे आणि त्यातच मृण्मयीताईंसाठी मार्ग दिसतो. मराठीत मथळ्याचे अक्षर हे दीर्घकाळ चित्रकाराचे काम राहिले आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी केलेली शीर्षके आठवा. प्रत्येक नाटकाच्या नावाला त्याचा स्वतःचा चेहरा असे, आणि तो फाँटमधून आलेला नसे. महोत्सवाचे मराठी नाव कुणा सुलेखनकाराकडून रुंद बोरूने, सरळ वळणात लिहून घ्यावे. त्याचे वजन इंग्रजीशी तोलावे, रेषांची नक्कल करू नये. दोन लिप्या आपापल्या हाताने लिहिलेल्या दिसल्या तर त्या शेजारी सुखाने नांदतात.

मृण्मयी_स

सर्वांचे मनापासून आभार. नावातली अक्षरे मोजली. 'एन' एक आहे, 'यू' नाही, आणि 'एम' शब्दाच्या आरंभी मोठ्या रूपात येतो, त्यामुळे कुंपणाची भीती कमी आहे. मराठी नाव हाताने लिहून घेण्याची कल्पना आयोजकांना आवडली असून ती ओळ सरळच राहील. आता दोन शंका उरल्या आहेत. संपूर्ण इंग्रजी नाव मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत घ्यावे अशी आयोजकांची इच्छा आहे, ते योग्य होईल का? आणि पार्श्वभूमी गडद जांभळी आहे, तिच्यावर अक्षरे पांढरी ठेवायची आहेत. कागद खरखरीत, बिनचकाकीचा आहे.

रेषा_कुळकर्णी

संपूर्ण नाव मोठ्या अक्षरांत घेऊ नये. तिरप्या शैलीची सगळी वळणे लहान अक्षरांत आहेत. मोठी अक्षरे बहुतांशी कललेली रोमनच असतात, आणि त्यांची रांग लावली की आपल्याला हवी असलेली लय नाहीशी होते. आद्याक्षर मोठे आणि पुढची लहान, असे ठेवावे. अक्षरांमधले अंतर कमी करावे, मात्र बारीक सेरिफ एकमेकांना छेदणार नाहीत इथपर्यंतच. आणि महोत्सवाची तारीख याच फाँटमध्ये मोठी घ्यावी ही माझी आग्रहाची सूचना. तिरप्या फॅट फेसचे '२', '३' आणि '५' हे इंग्रजी अंक बोंडांमुळे विलक्षण सुंदर असतात.

फाँट निवडताना ऑप्टिकल साइझ, म्हणजे वेगवेगळ्या मापांसाठी वेगळे रेखाटलेले रूप आहे का, ते पाहावे. हॉफलर यांनी आपला दिदो ६ पासून ९६ पॉइंटपर्यंत (पॉइंट हे अक्षराच्या मापाचे एकक) सात वेगवेगळ्या मापांसाठी स्वतंत्र रेखाटला होता, तो याच कारणासाठी की मोठ्या आकारात बारीक रेषा बारीक राहावी आणि लहान आकारात ती तुटू नये. बोदोनी मोडा हा विनामूल्य फाँट ही सोय देतो आणि त्याला खरी तिरपी शैलीही आहे. नाव आणि तारीख यांना मोठ्या मापाचे रूप घ्या. ठिकाण, वेळ, कलाकार यांची नावे या जातीत घेऊच नका, त्यांना साधे, शांत अक्षर द्या.

जुना_छापखाना

पांढऱ्या अक्षरांबद्दल मी सांगतो. गडद रंगावर पांढरे अक्षर म्हणजे तिथे शाई नसणे. खरखरीत कागदावर शाई कडेने पसरते आणि बारीक पांढरी रेषा दोन्ही बाजूंनी बुजत जाते. कागदावर काळी रेषा पाव पॉइंटची उमटते असे धरले, तर कोरून काढलेली पांढरी रेषा निदान अर्ध्या पॉइंटची तरी हवी, आणि खरखरीत कागदावर त्याहूनही थोडी अधिक. याचा सोपा उपाय रेषाताईंच्याच सूचनेत आहे. पांढऱ्या अक्षरांसाठी त्याच फाँटचे एक पायरी लहान मापाचे रूप घ्यावे, म्हणजे बारीक रेषा किंचित सुदृढ मिळेल.

दुसरी गोष्ट, जांभळा रंग चार शाया एकमेकींवर छापून करू नका. चार ठशांपैकी एक जरी केसभर सरकला तरी तुमच्या बारीक रेषेत गुलाबी किंवा निळी झाक शिरेल आणि ती दिसेनाशी होईल. जांभळ्याची एकच तयार शाई वापरायला सांगा. आणि संपूर्ण छपाई सुरू होण्यापूर्वी त्याच कागदावर, त्याच शाईने, मूळ आकारात नमुना काढून तो भिंतीवर लावून पाहा. संगणकाच्या पडद्यावर या बारीक रेषांची खरी जाडी कळत नाही.

मृण्मयी_स

एकाच शाईची सूचना मुद्रकांना आजच कळवते. बोदोनी मोडा आणि एलिफंट या दोन्हींच्या तिरप्या शैलींत नाव मांडून, त्या कागदावर नमुने निघाले की येथे छायाचित्रे देईन.